साती आसरांतल्या तिघी

मला वेडी म्हणायचं तर म्हणा, पण त्या खापराच्या तुकड्यावर तिघी जणी खरंच नाचत होत्या! तळहाताएवढा तुकडा, काळा कुळकुळीत, चकाकणारा. अन् त्या काळ्यावर तांबड्या रंगाच्या तीन बाया, एकमेकींचे हात धरून, अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या उडवत निघालेल्या. मी तो पदरानं पुसला आणि अशी किंचाळले की खाली बारवेतल्या बायांना वाटलं, हिला सापच डसला.

तेव्हा मला सातवा महिना होता. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. आमच्या बायांच्या दूध सोसायटीनं ठरवलं, गावाबाहेरची बुजलेली बारव, पायऱ्यांची जुनी विहीर, उपसायची. पाणी लागलं तर सोसायटीचा हिरवा चारा होणार, गुरं जगणार, दूध पाटोद्याला जाणार आणि निम्मं गाव घरी राहणार. नाही लागलं तर दसरा झाला की मुकादमाचा ट्रक दारात, अन् चला ऊस तोडायला.

माझा सगळा जीव त्या बारवेत अडकला होता. पहिलं बाळंतपण माझं उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत झालं होतं. ते लेकरू राहिलं नाही. या खेपेला काही झालं तरी मला फडावर जायचं नव्हतं. पण तोडीला नवरा-बायकोची जोडीच घेतात. मी अडून बसले तर ह्यांचंही जाणं मोडणार, मग खायचं काय? म्हणून तोंड मिटून होते.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला खाली उतरू देत नव्हत्या. वर बसून उपसलेल्या मातीतले दगड वेचायचे, एवढंच माझं काम. तिथंच तो तुकडा हाताला लागला.

माझी किंचाळी ऐकून आत्याबाई धापा टाकत वर आल्या. तुकडा बघितला आणि दोन्ही हात जोडले.

"अगं बया! आसरा हायत ह्या!"

आसरा म्हणजे पाण्याच्या देवी. आमच्याकडं विहिरीच्या काठावर सात दगड मांडून शेंदूर लावतात, त्या साती आसरा. आत्याबाईंनी तिथल्या तिथं हिशोब मांडला. "तिघी वर आल्या. मग बाकीच्या चौघी कुठं हायत? खाली पान्यात हायत!"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू! तुकडा काठावर मांडला, हळदकुंकू वाहिलं, शेंदराचं बोट टेकवलं. आणि मग काय विचारता! काल कंबर धरून कण्हणाऱ्या बाया कुदळी घेऊन तुटून पडल्या. घमेली भराभरा वर यायला लागली. "एका खापरापायी सगळं गाव येडं झालं रं," असं सोबत्याला सांगत आमचे हेही फावडं घेऊन आले. मला तर बसवत नव्हतं. पोटातलंसुद्धा ढुशा मारत होतं.

ही बातमी नेकनूरच्या एसटीतून बीडला पोचली आणि तिथून कॉलेजचे एक सर आले. इतिहास शिकवणारे. त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि ओरडलेच.

"अहो, हा ग्रीस देशातला दारू प्यायच्या प्याल्याचा तुकडा आहे! हजारो वर्षांपूर्वीचा! ह्या देवी नाहीत, दारूच्या उत्सवात नाचणाऱ्या बाया आहेत. इथं कसा आला, मलाही सांगता येत नाही!" त्यांना आनंद मावत नव्हता.

"दारूचा?" कुणीतरी फिदकन हसलं. एकेक गडी बारवेतून वर चढायला लागला. हे माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "दसरा झाला, उद्या ट्रक येनार हाय. गाठुडं बांध."

माझं डोकंच फिरलं. "कशापायी आलात हो तुमी?" मी सरांवर ओरडले. ते बिचारे बावरले.

आत्याबाईंनी मला मागं सारलं. "सर, ह्या बाया त्या देशातून हितं कशा आल्या असतील?"

"समुद्रातून. जहाजानंच आल्या असतील."

"एवढं पानी वलांडून आल्या, अन् तुमी म्हंता पान्याच्या न्हाईत? मग कशाच्या हायत? नाचतेत तर नाचू द्या! अन् दारूचं म्हनाल तर आमचे बाप्ये रोज पितेत, त्यांना कुनी बारवेतून हाकललं का?"

हशा पिकला. आत्याबाईंनी पदर खोचला आणि पायऱ्या उतरल्या. त्यांच्यामागं सगळ्या बाया. अन् सगळ्यात शेवटी बूट काढून, पँट दुमडून सरसुद्धा! त्यांना उरलेला प्याला पाहिजे होता, आम्हाला उरलेल्या चौघी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक बारवेजवळच्या वाटेवर येऊन भोंगा वाजवायला लागला. ह्यांनी गाठोडं वर टाकलं. मी फळीला हात लावून उभी, पाय काही उचलेना. तेवढ्यात बारवेतून कालवा उठला. "वल लागली! वल लागली!" सर गुडघ्यापर्यंत चिखलात माखून वर आले, ओंजळीत नुसता गाळ, आणि ते आमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होते. प्याल्याचा एक टवकाही त्यांना मिळाला नव्हता. "पाणी! झरा फुटला!"

हे पळत गेले, वाकून बघितलं, परत आले आणि गाठोडं खाली ओढलं. मी रस्त्यातच बसून मनसोक्त रडले.

तो तुकडा आत्याबाईंनी खणा-नारळानं ओटी भरून सरांच्या हवाली केला. नीट सांभाळा म्हणून दम दिला.

थंडीत मला मुलगी झाली. घरात, आत्याबाईंच्या हातावर. तिची पहिली आंघोळ चालली होती, आणि मी बाजेवरनं सवयीनं बोलून गेले, "आत्याबाई, बेतानं. पाणी..."

त्यांनी तांब्या बुडवला, काठोकाठ भरला आणि माझ्या लेकीच्या अंगावर सगळा ओतला.

"गप गं! लई हाय."