इवाई, थर्मामीटर आणि माझी भट्टी

माझे व्याही, आमच्या बोलीत इवाई, यांच्याइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात नसेल, आणि माझा धंदा त्यांच्याइतका दुसऱ्या कोणीही अडवला नसेल. मी हिंगणीचा वीटभट्टीवाला, रिकाम्या हातांनी वर आलेला. सौद्यात मी सहसा हरत नाही. पण एकोणीसशे ऐंशीच्या आसपास या निवृत्त मास्तरांनी मला जे धक्के दिले, त्यांतून मी अजून सावरलो नाही. पहिला धक्का मुलीच्या सोयरिकीतच बसला. देण्याघेण्याच्या घासाघिशीची तयारी करून मी त्यांच्या गावी, आंजीला गेलो, तर पाण्याचा गडू पुढे करून त्यांनी विचारलं, "इवाई, तुमच्या भट्टीले लाकूड किती लागते?" मला वाटलं, माझी ऐपत जोखताहेत. मी आकडा दुप्पट करून सांगितला. त्यांचा चेहरा पडला. "बाप्पा! मंग हिंगणीचं ऊन तुमीच तापवून राह्यले म्हना!" बाकी काही मागितलंच नाही.

माणसानं केलेल्या धुरामुळे हवा तापत चालली आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. रेडिओवर ऐकलेलं, कुठल्या मासिकात वाचलेलं. "धूर वर जाऊन सरत नाई. गोधडीसारखा पसरते, अन् खाली आपन शिजतो." ऊन ही देवाची गोष्ट, असं माझ्यासकट अख्खं गाव मानायचं; तिथे हे बोलायला छाती लागते. लग्नातही त्यांनी मांडवाच्या खांबाला थर्मामीटर टांगलं. इकडे मंगलाष्टकं चाललेली आणि वरबाप पारा बघतोय! माझ्या मेव्हण्यानं घाबरून विचारलं, "नवरदेवाले ताप आला का?" त्यांच्या ओट्यावर बिडी ओढायला बंदी होती. सरपण वाचवायला ते डाळ अर्धी शिजली की चुलीवरून उतरवून झाकून ठेवायला लावत. पोरीचं सासर म्हणून ती कचवट डाळ मी मुकाट्यानं गिळायचो. माझ्यासारख्या तापट माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

एकदा त्यांनी थर्मामीटर माझ्या भट्टीशेजारीच लावलं. माझा तोल गेला. "चुलीच्या तोंडाशी हात धरता अन् म्हनता गाव पेटलं?" वाटलं, आता सोयरिकीत बिघाड. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय. हे आकडे धराचे नाई," आणि वहीतलं पान खोडलं. एका वर्षी नवतपा, म्हणजे ते रोहिणीतले नऊ आगीचे दिवस, जरा थंड गेला. तर हा माणूस आंजीहून सायकल हाणत मला सांगायला आला, "यंदा ऊन कमी भरलं. तुमचंच म्हननं खरं असू शकते." आपल्या बैलाची खोड गिऱ्हाइकाला आपणहून सांगणारा माणूस मी बाजारात कधी पाहिला नव्हता.

मग मी दुसऱ्या भट्टीसाठी जमीन घेतली. तीवर मोहाची पाच झाडं होती, ती तोडल्याशिवाय भट्टी बसत नव्हती. व्याही अडवायला येऊन झाडांसमोरच्या पारावर बसले. गाव जमलं. बैलबाजाराच्या रीतीनं मी दुपट्ट्याखाली त्यांचा हात धरला आणि तीन बोटं दाबली. म्हणजे तीन तोडतो, दोन ठेवतो, भट्टी लहान करतो. समोरच्यानं गुपचूप उलट बोटं दाबायची असतात. हे ओरडले, "तीन? तीन काऊन तोडता?" सगळा पार हसला. मी भडकलो. "मंग सांगाच मास्तर! पाच मोहं तोडले तर हिंगणीत किती ऊन वाढन?"

त्यांनी कोणताही आकडा सांगितला असता तरी मास्तरांचा म्हणून गावानं मानला असता. मी हरलो असतो. ते झाडांकडे बघत म्हणाले, "काईच नाई वाढन."

"मंग अडवता कायले?"

"सारेच 'आपले तं पाचच' म्हनतात, इवाई."

मी उठून घरी आलो. सौदा मीच जिंकला होता. तरी दुसरी भट्टी तिथे लागली नाही, कुठेच लागली नाही. हा डाव त्यांनी कसा टाकला ते मला अजून कळलेलं नाही, आणि त्याचा रागही गेलेला नाही. मी झाडं ठेवली तेव्हा त्यांनी शाबासकीसुद्धा दिली नाही.

व्याही गेले त्याला आता दोन उन्हाळे झाले. भांडायला माणसं पुष्कळ आहेत. पण ती आपलंच घोडं पुढे दामटतात, मी माझं दामटतो, घटकाभरात भांडण संपतं. मग मोहाखाली बसायचं, आणि ऊन उतरेपर्यंत करायला काही नसतं.