टेकडीवर जाणारी घागर

उन्हाळा सरत आला की आमच्या गावामागची टेकडी पाहताना मला रुख्माबाई आठवते. एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मृगाआधी गावच्या विहिरीचं पाणी टेकडीवरच्या महादेवाला जायचं. घागर वाटेत भुईला टेकली, की ते पाणी देवाला चालत नसे. सासूमागे हा मान थोरल्या सुनेला, म्हणजे रुख्माबाईला मिळाला आणि तेव्हापासून धाकटी जाऊ आनंदाबाई तिच्याशी बोलेनाशी झाली.

त्या वर्षी पळसांपुढचा खडा चढ लागला. दगड तापले होते, पायाखालचा मुरूम सरकत होता. रुख्माबाईचा गुडघा एकाएकी अडला. पाऊल उचलेना, डोक्यावरची घागर डोलू लागली. घागरीमागे चाललेले आम्ही सगळे गावकरी जिथल्या तिथे थबकलो.

मागून आनंदाबाईचा आवाज आला, "काऊन थांबल्या, बाई? गुडघे घरी विसरल्या काय?"

"बोलली माय एकदाची! आता नुसती बोलशीन, का घागर घेशीन?"

आनंदाबाईने पदराची चुंबळ केली आणि घागर अलगद आपल्या डोक्यावर घेतली. चढ संपल्यावर ती म्हणाली, "घ्या, तुमचा मान."

रुख्माबाईने हात मागे घेतले. "वरपर्यंत चाल. उतरताना मले धरजो."

पुढे कितीतरी वर्षं दोघी सोबतच चढल्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात गुडघा चांगला बरा झाल्यावरही रुख्माबाई त्या चढापाशी थांबायची आणि मागे न बघता म्हणायची, "घे वं, आनंदा."