न उघडणाऱ्या पत्त्यावरचे सरगुंडे

जे पान कोणाच्याही फोनवर उघडत नव्हते, ते इतक्या लोकांना आवडले कसे? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहीत आहे.

आर्वीच्या एका माध्यमिक शाळेत मी निवृत्तीपर्यंत भूमिती शिकवली. आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता, हा क्रम अंगात भिनला आहे. म्हणून आधी पक्ष मांडते.

माझ्या धाकट्या भावाची बायको नाचणगावला राहते. तिच्या हातचे सरगुंडे आमच्या सगळ्या नात्यात नावाजलेले. ज्यांनी ते पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. घट्ट कणकेची बारीक पट्टी काडीवर गुंडाळायची, काडी अलगद ओढून घ्यायची, आणि जो पोकळ, वळणदार तुकडा उरतो तो सुकवायचा. उन्हाळ्यात ते उकडून आमरसाबरोबर खातात. पूर्वी हे काम घरोघरी होत असे; आता सरगुंडे खाणारे पुष्कळ आहेत, पण काडी घेऊन बसणारे थोडे. या वर्षी भावजयीने ते विकायचे ठरवले. दुसरीकडे, पुलगावच्या एका वसतिगृहात तिला पोळ्या लाटण्याचे काम मिळत होते. त्याचे होय-नाही आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, कळवायचे होते.

"तिथं पोळ्या मोजून घेतात ताई," ती मला म्हणाली, "चव कोनी इचारत नाई. सरगुंडे चालले तर मी कायले जाऊ? नाई चालले तर जा लागन."

मी तिला सांगितले की मी तिचे दुकान इंटरनेटवर मांडून देते. भाऊ शेजारीच बसला होता. त्याने विचारले, "व्हॉट्सअ‍ॅपवर फोटू टाकला तर नाई चालत काय, ताई?"

मी म्हणाले, "चालेल, पण ते शास्त्रशुद्ध होणार नाही."

आमच्या घरात हा शब्द उच्चारल्यावर वाद संपतो.

एसटी आगाराजवळ वरच्या मजल्यावर एक संगणकाचा वर्ग चालतो. तो चालवणारा माझा जुना विद्यार्थी. मी पहिल्या दिवशी जिना चढून गेले तेव्हा तो शिकवता शिकवता उठून उभा राहिला, आणि पुढच्या सगळ्या अभ्यासक्रमात मी दारात आले की उठतच राहिला. वेब डेव्हलपमेंट नावाची विद्या मी अशा गुरूकडून शिकले, जो माझ्यासमोर बसत नसे.

शिकलेले थोडक्यात सांगते, कारण पुढच्या सिद्धतेसाठी ते लागेल. वेबपानाच्या दोन बाजू असतात. एक ब्राउझरची, म्हणजे वर्गात फळ्यावर जे दिसते ती. दुसरी सर्व्हरची, म्हणजे शिक्षकांच्या खोलीत जे चालते ती. विद्यार्थ्याला गुण दिसतात. ते कसे दिले गेले हे त्या खोलीतल्या लोकांनाच ठाऊक असते. ग्राहक मागणी नोंदवतो, ती सर्व्हरकडे जाते, सर्व्हर ती तपासतो आणि मगच स्वीकारतो. ही बाजू मला फार आवडली. तपासणे हे माझे आयुष्यभराचे काम होते.

मग फ्रेमवर्क, म्हणजे वेबपानाचा आयता सांगाडा, आले. मी एकही ओळ लिहिण्यापूर्वी त्याने माझ्या संगणकावर इतक्या फायली आणि फोल्डर मांडून ठेवले की मला शाळा तपासणीच्या आदल्या दिवसाचे कार्यालय आठवले. कोणती फाइल कुठे ठेवायची, तिला काय नाव द्यायचे, हे सारे आधीच ठरलेले. "हे फोल्डर कशासाठी?" असे मी विचारले की विद्यार्थी-गुरू सांगे, "ते असू द्या बाई, लागते." मीही शाळेत त्रिकोणमितीबद्दल हेच उत्तर देत असे, म्हणून आग्रह धरला नाही.

कोड लिहायचा एडिटर मात्र मला प्रथम पटला नाही. मी दोन अक्षरे टाइप केली की तो उरलेला शब्द स्वतःहून सुचवी. परीक्षेच्या वर्गात शेजारचा असे कुजबुजला तर मी त्याला बाहेर काढले असते. मी ती सोय बंद करून घेतली आणि प्रत्येक शब्द स्वतः लिहिला. चुकलेल्या शब्दाखाली तो लाल नागमोडी रेघ ओढत असे, ती तेवढी ठेवली. लाल रेघेशी माझे जुने नाते आहे.

दुकान तयार झाले. पानाच्या माथ्यावर मी स्वतः रेखाटलेला सरगुंडा होता, खाली फोटो आणि मागणीचा तक्ता. गुरूने शिकवलेली आज्ञा दिली की सर्व्हर सुरू होई, आणि ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की दुकान उघडे. तो पत्ता "लोकलहोस्ट" या शब्दाने सुरू होत होता. मला त्याचा अर्थ "स्थानिक यजमान" असा वाटला, आणि आर्वीच्या बाईला स्थानिक म्हणण्यात काही गैर दिसले नाही.

लॅपटॉप बंद केला की सर्व्हर बंद पडतो, हे मला शिकवले होते. त्यावरून मी काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच होता: ग्राहक केव्हाही येईल, म्हणून झाकण उघडेच राहिले पाहिजे. लॅपटॉप पुढच्या खोलीत स्टुलावर ठेवला, धूळ बसू नये म्हणून वर पातळ ओढणी टाकली आणि त्याला पंख्याकडे जाणारी इन्व्हर्टरची वायर जोडली. वीज गेली की पंखा बंद आणि दुकान चालू, अशी व्यवस्था झाली. माझ्या यजमानांनी काही दिवस हे सोसले.

"अवं," ते एकदा दुपारी म्हणाले, "तुह्या दुकानाले घाम आला. गिऱ्हाईक तं एक येऊन नाई राह्यलं, अन् मी इथं भाजून राह्यलो."

"ग्राहक येण्यापूर्वी दुकान उघडे असावे लागते," मी सांगितले.

"मंग मलेच एक किलो दे. निदान पंखा तरी लावशीन."

आता मुख्य गोष्ट. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर मोठा गट आहे. त्यात शेतकरी आहेत, कारकून आहेत, दोन-तीन डॉक्टर आहेत, आणि स्वतः गुरूही आहे. मी दुकानाचा पत्ता तिथे टाकला आणि खाली लिहिले, "पाहून कळवा, कसे वाटले?"

उत्तरे भराभर आली. "खूप सुंदर, बाई." "या वयात एवढं शिकलात, बाई." एकाने लिहिले, "रंगसंगती जबरदस्त." दुसऱ्याने लिहिले, "सगळ्यात वरचं ते साधं चित्र खूप आवडलं." माझा सरगुंडा आवडला म्हणून मला विशेष आनंद झाला. गुरूने वर केलेला अंगठा पाठवला. ही सारी उत्तरे मी भावजयीला फोनवर वाचून दाखवली.

मागणी मात्र एकही आली नाही.

तिने या दोन गोष्टींची जी सांगड घातली ती अगदी सरळ होती, आणि म्हणूनच घातक होती. एके सकाळी तिचा फोन आला.

"ताई, मी वसतिगृहाले हो म्हणून देतो."

"का? आखाजीला अजून अवकाश आहे."

"आता काय पाहाचं? तुमच्या एवढ्या पोरायनं दुकान पाह्यलं, चांगलं म्हनलं, अन् घेतलं कोनीच नाई. म्हंजे दुकान चांगलं हाये, माल नाई."

मी तिला थांबायला सांगितले आणि पुलगावची एसटी धरून नाचणगाव गाठले. तिची समजूत घालावी आणि तिच्याच फोनवर तिला दुकान नीट दाखवावे, एवढाच हेतू होता. अंगणात खाटेवर पांढऱ्या धोतरावर सरगुंडे वाळत होते. मी तिचा फोन घेतला, माझाच संदेश शोधला, पत्ता उचलून ब्राउझरमध्ये टाकला. पांढऱ्या पडद्यावर कोपरा दुमडलेल्या एका रुसलेल्या कागदाचे चित्र आले आणि खाली इंग्रजीत एक ओळ, की या जागी पोहोचता येत नाही.

"नेट नाही का इथे?" मी विचारले.

"हाये ना. पयलेपासून असंच दिसते, ताई."

"मग सांगितले का नाही?"

ती पदराला हात पुसत म्हणाली, "बाकी सगळ्यायले दिसून राह्यलं होतं ना. मले वाटलं माहाच फोन जुना हाये. अन् तुमाले काय सांगाचं, तुमी मास्तरीनबाई."

त्या रुसलेल्या कागदाकडे पाहताना "सगळ्यात वरचं ते साधं चित्र" म्हणजे कोणते चित्र, हे मला कळले.

मी तिथूनच गुरूला फोन लावला. पत्ता वाचून दाखवताच त्याने तो मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाला, "बाई, लोकलहोस्ट म्हणजे ज्याच्या हातात यंत्र आहे त्याचंच यंत्र. तुमच्या लॅपटॉपवर तुमचा लॅपटॉप, वहिनींच्या फोनवर वहिनींचा फोन."

हे मला लगेच समजले, आणि वाचकांसही समजेल. लग्नपत्रिकेवर "स्थळ: आमचे घर" असे छापून ती तशीच सगळ्यांनी पुढे पाठवली, तर प्रत्येक जण आपापल्या घरी जाऊन बसेल. मी तशी पत्रिका वाटली होती.

"पण तू तर अंगठा पाठवलास," मी म्हणाले. "तुला पत्ता पाहताच कळायला हवे होते."

"पाहिलाच नाही, बाई. तुमचं आहे म्हणजे बरोबरच असणार."

"आणि दुकान बाहेरच्यांना दिसावे म्हणून काय करावे लागते, ते तू शिकवले नाहीस."

"ते शेवटच्या धड्यात आहे. सर्टिफिकेट त्याच्या आधीच मिळते, म्हणून तिथपर्यंत कोणी येतच नाही."

भावजय हे सगळे ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने एकच विचारले, "म्हंजे कोनीच नाई पाह्यलं?"

"कोणीच नाही."

"एकानंबी नाई?"

"एकानेही नाही."

ती खाटेजवळ गेली आणि सरगुंडे परतू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मंग माल खराब नसन." इतकी आनंदाची बातमी मी माझ्या पूर्ण अपयशातून कोणाला दिली नव्हती.

गुरूने शेवटचा धडा मला वर्गात शिकवला, आणि दुकान भाड्याच्या सर्व्हरवर चढले. आमच्या पुढच्या खोलीतल्या ओढणीला सुट्टी मिळाली, पंख्याला वीज मिळाली. नवा पत्ता गटावर टाकताना मी या वेळी "कसे वाटले?" असे विचारले नाही. फोटोखाली एक शब्द घालून ठेवला आणि लिहिले, "फोटोखाली कोणता शब्द आहे, तो कळवा."

गट शांत झाला. वाहवा करणारे बहुतेक जण त्या दिवशी कामात असावेत. तीन-चार जणांनी शब्द बरोबर कळवला. केळझरच्या एका विद्यार्थिनीने शब्द कळवून पुढे तक्रार केली: "बाई, उकडायला किती वेळ लागतो ते लिहिलंच नाही. आणि मला चव पाहायला पाव किलो हवे आहेत, पण दुकान घेतच नाही. पूर्ण आकडा टाका म्हणते."

तक्रार खरी होती. सर्व्हरच्या बाजूला मीच नियम लिहिला होता की मागणी पूर्णांकातच असावी. अपूर्णांकांना मी इतकी वर्षे वर्गात प्रवेश दिला, आणि दुकानातून हाकलले. नियम बदलला. पाव किलोची मागणी नोंदली गेली.

मी भावजयीला कळवले. "पावच किलो?" ती म्हणाली. मग तिने तक्रार पुन्हा वाचायला लावली, उकडण्याच्या वेळेसकट. "हिनं खरंच पाह्यलं, ताई. न पाह्यता असं कोनी इचारत नाई."

तिने वसतिगृहाला आंब्याचे दिवस सरेपर्यंत थांबण्याची विनंती केली. त्यांनी थांबायचे नाकारले, आणि तिने त्यांना नाही म्हणून कळवले. केळझरनंतर आणखी मागण्या आल्या, फार नाहीत. हा निर्णय बरोबर ठरेल की नाही हे मला अजून सांगता येत नाही. पण तो तिने खऱ्या माहितीवर घेतला.

आता साध्य. पान उघडले नाही तरी आवडले, कारण "कसे वाटले?" या प्रश्नाला आपल्याकडे एकच सभ्य उत्तर आहे आणि ते देण्यासाठी पान उघडावे लागत नाही, विचारणाऱ्या शाळेतल्या बाई असतील तर मुळीच नाही. माझा पुरावा एका गटापुरता आहे, त्यावर विसंबू नका. तुमच्या एखाद्या गटावर न उघडणारा पत्ता पाठवा, "कसे वाटले?" असे विचारा, आणि काय उत्तरे येतात ते कृपया स्वतः तपासून पाहा.