अलीझाचा प्रबंध आणि दाऊदभाईंचे कोट

अकोल्यात जठारपेठेच्या मागच्या अंगाला दाऊदभाईंचं घर. आत बिऱ्हाड, पुढच्या पडवीत त्यांचा लग्नाचा बँड. मुलीने वकिली पास केली तेव्हा त्यांनी पेढे वाटले. पण अलीझा आणखी शिकायला अमरावतीला जाते, कामगार कायद्यात एलएल.एम. करते म्हणाली, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "मांजराच्या पोटी उंदराचा वकील निपजला," असं ते गिऱ्हाइकांनाही सांगू लागले.

अलीझाचा आपला वेगळाच ताप. तिने जुने कायदे कलमांसकट घोकून काढले आणि ऐन अभ्यासात एकोणतीस कायद्यांच्या चार संहिता लागू झाल्या. पुस्तकं माळ्यावर गेली, नवी आली. मग प्रबंधाचा विषय हवा होता. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "गिरण्या, कारखाने लिहून झालेत. ज्याला कोणी कामगारच म्हणत नाही असा माणूस शोध."

तो तर पडवीतच बसला होता, क्लॅरनेट पुसत. देवमन. बँडमध्ये त्याचे केस पिकले होते.

"काका, काय वाजवायचं ते कोण ठरवतं?" अलीझाने सुट्टीत घरी येऊन विचारलं.

"नवरदेवाचे दोस्त."

"आणि काय घालायचं?"

"तुया बाप."

बाकीचे वाजंत्री हसले. अलीझाने गंभीर चेहऱ्याने समजावलं, की काम कसं करायचं हे दुसराच ठरवत असेल, तर कायदा त्या ठरवणाऱ्याला मालक समजू शकतो. देवमनने खुंटीकडे पाहिलं. तिथे मखमली लाल कोट लटकत होते, सोनेरी झालरीचे, गळ्यापर्यंत बटणांचे. दाऊदभाईंचा जीव त्या कोटांत.

"म्हंजे मे महिन्यात ही गोधडी आमी आमच्या मर्जीनं नाई घालत," देवमन सावकाश म्हणाला.

"मी असं कुठं म्हटलं?" अलीझा म्हणाली आणि घाईने पान उलटलं.

मग ती अब्बांकडे गेली. हे लोक तुमचे कामगार का, असं विचारताच दाऊदभाई विंचू चावल्यासारखे उठले. "कामगार? लिहून घे. कलाकार हायेत. आपल्या मर्जीचे मालक."

तिने शब्दन् शब्द लिहून घेतला.

मे आला. अलीझा सुट्टीला घरीच होती. अकोल्याचं ऊन असं, की कुत्रीही सावली सोडून भुंकत नाहीत. भर दुपारी वरात निघाली, अर्ध्या रस्त्यात निंबाचं झाड आलं आणि बँड थांबला. वाजंत्र्यांनी कोट काढले, घड्या घातल्या आणि त्यांच्यावरच बसले. नवरदेव घोडीवर, शेरवानीत शिजत. त्याचा मामा दाऊदभाईंच्या अंगावर धावून आला. दाऊदभाईंनी मुलीला फोन लावला.

ती स्कूटीवर पोचली तेव्हा ते तापलेलेच होते. "तूच पेटवलं. आता सांग त्याईले, असा संप चालतो का? नोटीस नाई, काई नाई."

"नाही चालत, अब्बा. आधी नोटीस द्यावीच लागते."

"ऐकलं का, देवमन?"

"पण ती कामगाराला," अलीझा म्हणाली. "हे कामगार असतील तर संप बेकायदा. मग तुम्ही मालक ठरता, आणि मालकाची सगळी ओझी तुमच्या डोक्यावर. कलाकार असतील तर हा संपच नाही. मर्जीचे मालक सावलीत बसलेत. तुम्ही सांगाल तसं."

दाऊदभाईंनी मुलीकडे पाहिलं, मग उन्हाकडे, मग मामाकडे. मामा बाह्या सरसावत होता.

"कलाकार," ते पुटपुटले.

"मग कोट?" देवमनने बसल्या जागेवरून विचारलं.

"काय घालाचं ते घाला, पन वाजवा."

देवमन उठला. त्याच्या बनियनला पाठीवर तीन खिडक्या होत्या. दाऊदभाईंनी डोळे मिटून घेतले. बँड असा वाजला, की म्हाताऱ्याही नाचायला उतरल्या. थोड्या वेळाने घोडीवरून बारीक आवाज आला, "मामा, मीबी काढू का?"

"तू गप बस," मामा म्हणाला.

पुढच्या आठवड्यात दाऊदभाईंनी बोभाटा न करता पांढऱ्या सुती कापडाचा तागा आणला. शिवायला टाकताना शिंप्याला म्हणाले, "झालर लाव मात्र."

मॅडमनी प्रबंध वाचून चष्मा काढला. "संशोधकाने तटस्थ राहायचं असतं, अलीझा. हा संप तू घडवलास का?"

"नाही, मॅडम. मी फक्त प्रश्न विचारले."

"तेच म्हणते मी," मॅडम म्हणाल्या आणि सही केली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कायद्याचे दोन प्रश्न विचारले आणि उरलेला वेळ बनियनचं ऐकण्यात घालवला.

आता ती अकोल्यात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली कामगारांचे खटले पाहते. परवा जेवताना दाऊदभाईंनी विचारलं, आज कोणाकडून उभी होती. एका तेल गिरणीच्या मालकाकडून, असं तिने सांगितलं. तेवढा एकच खटला वकीलसाहेबांनी भिडेखातर घेतला होता.

"चला, अक्कल आली," म्हणत त्यांनी खुशीने तिच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

मालक हरला, हे तिने भाकर संपेपर्यंत सांगितलं नाही.