डायनॅमोचा हात

दौलतनाना आज सकाळी गेले.

त्यांना हसणाऱ्यांत मी पण होतो, हे आधीच सांगतो. मग खाली आरआयपी लिहा हवं तर.

नाना आमच्या कंपनीत इंजिन टेस्टिंगला फिटर. सटाण्याकडचे. शिक्षण आयटीआय, घरची भाषा अहिराणी, आणि कान असा की इंजिन नुसतं सुरू केलं तरी दुखणं कुठे आहे ते सांगायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कंपनी टर्बो डिझेल बनवत होती. मी ट्रेनी इंजिनियर, कन्फर्मेशन लटकलेलं.

टेस्टची गाडी वणीच्या घाटात न्यायचो. वळणावर हळू झाली की मग कितीही दाबा, दोन सेकंद ढिम्म. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, एक्झॉस्टच्या धुराच्या जोरावर फिरतो, आणि तो जोर यायला वेळ लागतो.

साहेब म्हणाले, "टर्बो म्हटल्यावर एवढं चालायचंच."

नाना मला म्हणाले, "चालायचंच काय? तोवर डायनॅमो काय झोपा काढतो का? बेल्टवरच तर बसलाय. त्याला करंट द्या, मोटर होतो. इंजिनला हात देईल."

नुसतं बोलले नाहीत. स्क्रॅपमधली मोटर बेल्टला जोडली, बॅटऱ्या लावल्या आणि टेस्ट बेडवर मला दाखवलं. खालच्या आरपीएमला इंजिनने असं उचललं की मी बघतच राहिलो. बेल्ट दोनदा निसटला, ते सोडा.

सजेशनच्या फॉर्मवर नानांनी मराठीत लिहिलं, "टर्बो जागा होईपर्यंत डायनॅमोने इंजिनला हात द्यावा."

कमिटीला इंग्रजी लागायचं. भाषांतर माझ्याकडे आलं. मी घाईघाईत खरडलं, "गिव्ह हँड टू इंजिन इन घाट." डायनॅमो गाळलाच.

साहेबांनी मीटिंगमध्ये इंग्रजीत विचारलं, "हँड? म्हणजे घाटात उतरून धक्का मारायचा?"

अख्खी मीटिंग खो खो हसली. समोर उभ्या नानांना इंग्रजी कळलं नाही, हसणं कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सर, चूक माझी आहे, मी हे चालताना बघितलंय." एवढंच बोलायचं होतं.

नाही बोललो. कन्फर्मेशन होतं ना! उलट हसलो.

फॉर्मवर शेरा पडला, "नॉट फीजिबल". नानांना उत्तेजनार्थ स्टीलचा डबा, आणि रिटायर होईपर्यंत नाव, "धक्कावाले नाना". कँटीनमध्ये लोक ओरडायचे, "नाना, बस बंद पडलीय, चला!"

नानांनी परत फॉर्म भरला नाही. मी कन्फर्म झालो. पुढे मॅनेजरही झालो.

गेल्या वर्षी नवीन गाडी घ्यायला गेलो. सेल्समन म्हणाला, "माइल्ड हायब्रिड आहे सर. टर्बो येईपर्यंत बेल्टवरची मोटर असिस्ट करते."

असिस्ट करते म्हणे! अरे, हात देते म्हण.

गाडी मिळाली तशी थेट नानांच्या गावी नेली. त्यांना शेजारी बसवून चढावर दाबली. गाडी पटकन उठली. नाना म्हणाले, "थांबव. बॉनेट उघड."

बेल्टवर बोट ठेवून किती वेळ उभे होते.

मी म्हटलं, "नाना, तेव्हा भाषांतर माझं चुकलं होतं."

"माले ठाऊक शे," नाना म्हणाले. "बठ्ठा हासनात, भाऊ. तू बी हासना."

मला ठाऊक आहे, सगळे हसले. तू पण हसलास. एवढंच. मग चहा पाजला मला.

त्या मीटिंगमधले दोघं सकाळपासून कंपनीच्या ग्रुपवर फुलं टाकतायत. टाका.

नाना, मला श्रद्धांजली लिहायला तोंड नाही.

डायनॅमोने इंजिनला हात दिला. मी तुम्हाला दिला नाही.