चंद्राशी ताडून बघणारे गृहस्थ

आमच्या आकाशदर्शन मंडळाला दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्याचे फोटो फ्लॉपीवर मिळायचे, पण साध्या कॉम्प्युटरवर ते उघडायचेच नाहीत. मग मी डोंबिवलीतल्या एका गृहस्थांकडे जायचो. घरी बनियनवर बसून ते या शास्त्रीय फाइली साध्या फोटोंत बदलून द्यायचे. कॉम्प्युटरला लाडाने म्हणायचे, "चल रे राजा," आणि माझ्यावर मात्र खेकसायचे, "मूळ फ्लॉपी पुसाल तर याद राखा!"

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी चंद्राचा फोटो छापला. मी तो पिशवीत घालणार, तोच त्यांनी हिसकावून गॅलरीत नेला आणि समोर उगवलेल्या चंद्राशेजारी धरला. कागद कसाही फिरवला तरी डाग जुळेनात.

"आरशातल्यासारखा आलाय. ही फाइल चित्राच्या खालच्या ओळीपासून लिहितात, मी वरून वाचली. थांबा जरा."

नव्याने छापलेला कागद घेऊन ते पुन्हा गॅलरीत गेले, ते परत येईनातच. मी गॅलरीच्या दारात जाऊन विचारलं,

"अहो, अजून चुकतंय का?"

"छे हो, मघाशीच जुळला," ते वर बघतच म्हणाले. "आता नुसता बघतोय."