आत्या, आकाशपाळणा आणि जमण्याची जागा

आमच्या आत्याबद्दल बिल्डिंगमध्ये अशी बातमी होती, की ती रोज संध्याकाळी नवऱ्याला आणि तीन मुलांना शिट्टी वाजवून घराबाहेर काढते.

बातमी तळमजल्यावरच्या काकूंची. काकू बोलायच्या आधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे बघतात, मग आवाज खाली जातो आणि भुवया वर. "मी काही म्हणत नाही गं. मला काय करायचंय! पण ह्या डोळ्यांनी बघितलंय. पाठीला पिशव्या, हातात हात, एकामागे एक जिना उतरतात. धाकटीच्या पायात तर एकच चप्पल. आणि तो बिचारा सगळ्यात मागे, दुधाची बाटली छातीशी धरून! मीटरच्या पेटीपाशी येऊन उभे राहतात. मग ही वरून येते, एकेकाकडे बघते आणि म्हणते, 'पुन्हा.' आणि सगळे परत वर! संसार मोडला म्हणायचा, दुसरं काय."

संसार जागच्या जागी आहे. ती सहलीची तयारी होती.

आत्या बिस्किटांच्या फॅक्टरीत सेफ्टी सुपरवायझर आहे. आग लागली तर माणसांनी बाहेर कसं पडायचं, हे आग लागलेली नसताना शिकवणं हे तिचं काम. लांब शिट्टी झाली, की हातातलं टाकायचं, पळायचं नाही, ढकलायचं नाही, ठरलेल्या जमण्याच्या जागेवर जाऊन उभं राहायचं आणि 'हजर' म्हणायचं. दोन छोट्या शिट्ट्या झाल्याशिवाय तिथून हलायचं नाही. एकदा म्हणे मोठे साहेब चहाचा कप घेऊन रमतगमत खाली आले. आत्याने त्यांना परत वर पाठवलं. "साहेब, चहा जळत्या इमारतीत राहतो. माणूस खाली येतो." हे वाक्य मी इतकं हुबेहूब म्हणते, की आतोबा दुसऱ्या खोलीतून "आलो, आलो" करत उठतात.

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. स्वभावाने लोणी. मुलं तीन. थोरली सहा वर्षांची, तिला सगळे बाईसाहेब म्हणतात, कारण ती सांगते आणि आपण करायचं असतं. मधला वकील. त्याला 'जेव' म्हटलं की तो 'का' म्हणत नाही, 'काल तू असं म्हणाली होतीस' म्हणतो. आणि धाकटी भिंगरी, दोन वर्षांची. ती चालायला शिकलीच नाही. रांगायची, ती एकदम पळायला लागली.

गेल्या वर्षी ही मंडळी शहराबाहेरच्या पार्कात गेली होती, आत्याच्या फॅक्टरीच्याही पुढे आहे त्या. आत्या दिवसभर खाली उभी. एका खांद्यावर दोन पिशव्या, दुसऱ्यावर भिंगरी, हातात इतरांचे चष्मे आणि अर्धवट चोखलेली आइसक्रीमची काडी. आकाशपाळण्यातून उतरल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "आई, वरून तुझी फॅक्टरी दिसते! सगळं छप्पर दिसतं!" आतोबाही म्हणाले, "हो गं, छान दिसते." ज्या फॅक्टरीचा कोपरा न् कोपरा ही पाठ म्हणून दाखवेल, ती वरून कशी दिसते हे घरात हिला सोडून सगळ्यांना माहीत. हे तिला लागलं. ती तसं म्हणाली नाही. फक्त घरी आल्यावर भांडी जरा जास्तच जोरात घासली, असं आतोबा सांगतात.

ह्या वर्षी तिने जाहीर केलं, "ह्या वेळी मी आकाशपाळण्यात बसणार. एकटी. मोकळ्या हातांनी. फिरून येईपर्यंत मला कुणी 'आई' म्हणायचं नाही."

मी हसले. हसायला नको होतं.

"काय गं, दात काढायला काय झालं?"

"आत्या, तू जन्मात बसणार नाहीस. लाव पैज."

"लावली. मी बसले तर सुट्टीभर माझी नक्कल बंद. घरात नाही, जिन्यात नाही, तुझ्या त्या मैत्रिणींच्या फोनवर तर अजिबात नाही."

"आणि नाही बसलीस तर तुझी शिट्टी माझी. पण एक अट. मी मुलं सांभाळायला हात लावणार नाही. मी पाहुणी म्हणून येणार."

"नको लावूस. तुझ्या हाताला काय सोनं लागलंय!"

मी इतकी निर्धास्त होते, कारण सुट्टीत मी आत्याकडेच राहायला होते आणि त्या घरातलं सहलीचं नियोजन जवळून बघत होते.

आधी तारीख. पहिली ठरली, वकिलाला कांजिण्या आल्या. दुसरी ठरली, ते फोड भिंगरीकडे आले. तिसऱ्या तारखेला सगळे ठणठणीत होते, तर भिंगरीचं लंगोट सोडवणं चालू होतं. आत्या फोनवर माझ्या बाबांना सांगत होती, "दादा, ती सांगते रे. पण झाल्यावर सांगते!" मग झोप. भिंगरी दुपारी जेवली की झोपते, आणि पार्कात रांगा कमी असतात त्या नेमक्या तेव्हाच. तिला आधी झोपवावं तर ती झोपत नाही, नंतर झोपवावं तर ती माणसांना चावते. मग वकील. त्याला हात वाळवायच्या यंत्राच्या आवाजाची भीती. ते यंत्र असलेल्या संडासात तो पाय ठेवत नाही, आणि ते नसलेला संडास पार्कात नाही, ही चौकशी आत्याने आधीच फोन करून केली होती. "ताई, तुम्हाला तिकिटं हवीत की संडास?" असं पलीकडच्या मुलीने विचारलं. आत्या म्हणाली, "बाळ, तुला मुलं झाली की मला फोन कर."

बाईसाहेबांचं वेगळंच. मागच्या खेपेला होडीच्या राईडवर, पुढच्या बाकासाठी असलेल्या उंचीच्या पट्टीखाली त्या किंचित कमी भरल्या होत्या. म्हणून आता रोज डोक्यावर उंच अंबाडा. झोपतानाही. "आई, अंबाडा मोजतात ना? मोजतातच. माझा आहे म्हणजे तो मीच."

पार्क फार लांब नाही, पण बस वळली की भिंगरी ओकते आणि मग अर्धा दिवस कुणाच्या तरी खांद्यावरून उतरत नाही. म्हणून आदल्या दिवशी निघून पार्कच्या दारातल्या लॉजवर राहायचं ठरलं. आतोबांना काम एकच होतं, खोली ठरवायची. त्यांनी ठरवली. आत्याने विचारलं, "कितव्या मजल्यावर?"

"वरच्या. काय सुंदर गॅलरी आहे अगं, कठडा एकदम नाजूक..."

आत्याने डोळे मिटले. "तीन मुलांना घेऊन नाजूक कठडा. अहो, तुम्ही त्यांचे वडीलच ना? का मी कुणाला विचारू?"

खोली तळमजल्यावर बदलली.

आणि ह्या सगळ्यावर तो सराव. गेल्या वर्षी भिंगरी कडेवर होती, आता पायांवर होती, आणि ते पाय गर्दीत सुटले तर सापडणार नव्हते. म्हणून फॅक्टरीचा नियम घरात आला. लांब शिट्टी, हातातलं टाका, जमण्याची जागा. घरात चपलांचं कपाट, जिन्यात मीटरची पेटी. "हजर," बाईसाहेब. "हजर, पण मी अजून पाणी पीत होतो," वकील. "हज्जल," भिंगरी, एका चपलेत. आणि सगळ्यात मागे आतोबांचं दबकं "हजर".

एकदा मी गंमत म्हणून तोंडाने दोन छोट्या शिट्ट्या वाजवल्या. तिघं पांगले. आत्या तापली. तिथेच तिने नियम पक्का केला. "ऐका. लांब शिट्टी कुणाचीही असो, यायचं. धोका कुणालाही दिसू शकतो. खरी का खोटी, विचारत बसायचं नाही. पण सोडायच्या दोन शिट्ट्या फक्त माझ्या. डोळ्यांनी माझी शिट्टी माझ्या तोंडात दिसली पाहिजे." पुढे पुढे तर शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी तिघं कपाटापाशी जाऊन उभे राहायला लागले. आत्याला काय अभिमान! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तिलाही.

पार्कात शिरल्या शिरल्या आत्याने जमण्याची जागा दाखवली. लाल छत्रीच्या आकाराची मोठी कचरापेटी, कुठूनही दिसेल अशी. मग सगळे झुकझुकगाडीच्या रांगेत उभे राहिले. रांग हलेना. वकिलाने पुढच्या माणसाला विचारलं, "तुम्ही इतके मोठे झालात, तरी तुम्हाला गाडी का हवी?" भिंगरीने मागच्या बाईच्या पिशवीतला फुगा मिळवला. शेवटी एकदाचा नंबर लागला. तिघं डब्यात, आतोबा गुडघे कानापाशी घेऊन मागे, पट्टे लावले, आणि लाल टोपीवाल्या माणसाने गाडी सोडायची शिट्टी वाजवली.

लांब.

तिन्ही पट्टे सुटले. बाईसाहेबांनी भिंगरीचा हात धरला, वकिलाने बाईसाहेबांचा. पळणं नाही, ढकलणं नाही. तिघं उतरून, गर्दीतून वाट काढत, सरळ कचरापेटीपाशी. "हजर." "हजर, पण आम्ही आत्ताच बसलो होतो." "हज्जल." आणि गाडी बोगद्यात गेली ती एकट्या आतोबांना घेऊन. ते सवयीने हात हलवत होते.

पुढे होडी. अंबाडा पट्टीला टेकला, पट्टीवाला काही बोलला नाही, बाईसाहेबांचा चेहरा उजळला, त्या पुढच्या बाकावर, बाकीचे मागे बसले. शिट्टी. कचरापेटी. मग फिरत्या कपबशा. शिट्टी. कचरापेटी. प्रत्येक राईड शिट्टीनेच सुरू होत होती. आतोबा सगळ्यात बसले. उतरायचं त्यांना सुचलंच नाही. कपबशांतून उतरले ते भिंत धरून आणि बाकावर आडवे झाले. डोळ्यांवर भिंगरीची फुलाफुलांची टोपी.

"ह्या शिट्ट्या आपल्या नाहीत रे बाळांनो!" आत्याचा आवाज चिरकला.

"तूच म्हणालीस," वकील. "कुणाचीही असो. विचारत बसायचं नाही."

"आत्या," मी हळूच म्हटलं, "सांग की त्यांना, शिट्टीकडे लक्ष देऊ नका म्हणून."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी फॅक्टरीला काडी लावायला सांगितली. "मी? माझ्या तोंडाने? शिट्टीकडे लक्ष देऊ नका? मग मी उद्या कामावर कुठल्या तोंडाने जाऊ?" आणि मग पिशवी जमिनीवर आपटून, "महिने न् महिने घसा फोडला! लोकांची मुलं ऐकत नाहीत म्हणून रडतात. माझी ऐकतात! मी कुणाकडे जाऊन रडू?"

बाईसाहेबांचा अंबाडा एका बाजूला कलला होता. ओठ तेवढा पुढे आला होता. आत्याचं लक्ष तिकडे गेलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. तिने कचरापेटीकडे बघितलं, मग झुकझुकगाडीकडे. मला शिट्टी खिशात आल्यासारखी वाटत होती.

मग ती खाली बसली, तिघांच्या डोळ्यांना डोळे लावून. "नियम तोच. जमण्याची जागा बदलली. आता जमण्याची जागा म्हणजे गाडीचा पहिला डबा."

वकिलाने विचार केला. "डबा हलला तर?"

"जागा हलली तर आपण जागेबरोबर."

पुन्हा रांग. पुन्हा पट्टे. लांब शिट्टी झाली आणि डब्यातून तीन आवाज आले. "हजर!" "हजर!" "हज्जल!" कुणी हललं नाही. गाडी बोगद्यात गेली, बाहेर आली. वकिलाच्या तोंडून 'पण' निघाला नाही, असं मी पहिल्यांदाच बघितलं. मग जमण्याची जागा होडी झाली, मग कपबशी. बाईसाहेब पाण्यात भिजल्या, भिंगरी हसून हसून उचक्या द्यायला लागली. आत्या काठावर उभी, सगळ्या पिशव्या गळ्यात.

दुपार कलली तशी मी आकाशपाळण्याकडे बोट दाखवलं. "आत्या, तुझा पाळणा राहिलाच की! भिंगरीएवढ्यांना परवानगी नाही म्हणे. आतोबा तर अजून आडवेच आहेत. अरेरे."

आत्याने पाळण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला ते बघणं आवडलं नाही.

तिने माझ्या पायाशी पिशव्या ठेवल्या, एक एक करून. "पिशव्यांना हात लावू नकोस. तू पाहुणी आहेस." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलांना म्हणाली, "जमण्याची जागा बदलली. आता जमण्याची जागा ही."

"आत्या! मी सांभाळणार नाही असं ठरलंय!"

"कोण सांभाळायला सांगतंय? जागा काही करत नाही. जागा नुसती उभी राहते. पैजेत उभं राहायला बंदी होती का?"

आणि ती गेली. हात हलवत गेली. ते हात कुठे ठेवायचे हे तिला कळत नव्हतं, म्हणून नुसते हलत होते. पाळण्यात बसली, दांडी लावली, ती दोनदा ओढून तपासली, शेजारच्याचीही तपासली. पाळणेवाल्याने शिट्टी वाजवली.

लांब.

भिंगरी माझ्या पायावर बसली आणि पोटरीला मिठी मारली. वकिलाने माझा पट्टा धरला. बाईसाहेबांनी माझा हात असा धरला, जसा पोलीस धरतात. "हजर." "हजर." "हज्जल."

"सोडा ना, माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

"दोन छोट्या शिट्ट्या झाल्यावर," बाईसाहेब म्हणाल्या.

मी तोंड वर केलं आणि तोंडानेच वाजवल्या. दोन, छोट्या, अगदी आत्याच्या. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अस्सल नक्कल. वकिलाने खालून माझ्या ओठांकडे बघितलं. "शिट्टी दिसत नाही," तो म्हणाला, आणि पट्टा आणखी घट्ट धरला.

खरी शिट्टी आत्याच्या गळ्यात होती. आत्या आकाशात होती. पाळणा थांबला, मला वाटलं सुटले. तिने तिथूनच हात वर करून आणखी एक तिकीट मागितलं.

शेवटी उतरली तेव्हा केस विस्कटलेले, चेहरा लाल. मला वाटलं, काही तरी मोठं बोलेल. ती म्हणाली, "मागच्या दाराशी खोकी रचून ठेवलीत. आणीबाणीच्या दाराशी! वरून स्पष्ट दिसतंय. उद्या बघते एकेकाला." आणि इतकी खूश दिसत होती, की मला तिच्याकडे बघवेना.

मग तिने शिट्टी तोंडाशी नेली, पण वाजवली नाही. आधी माझ्याकडे बघितलं, भुवई वर करून.

"हजर," मी म्हटलं. माझ्याच आवाजात. तिचा वापरायची आता सोय नव्हती.